त्र्यंबकच्या रांगेतील कड्यावर 'प्रवेश निषिद्ध' : हा आदेश नेमका कोणाचा?

कातळवाट :

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकचे दहा-बारा जण मिळून प्रस्तरारोहण करतो. या हिवाळ्यात आमच्यापुढे एक पेच उभा राहिला असून, कायद्याची आणि या भागाची माहिती असलेल्यांचा सल्ला मिळावा म्हणून हा धागा काढत आहे. त्र्यंबकच्या डोंगररांगेत एका कड्यावर सुमारे पंचवीस वर्षांपासून आरोहणाचा एक मार्ग आहे. कड्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर पुढच्या रविवारी पायथ्याशी मोटारींची रांग लागेल आणि आमचा प्रश्न सुटण्याआधीच निकालात निघेल. मार्ग साडेतीनशे फुटांचा आहे, तीन टप्प्यांत जातो, आणि दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी दोन माणसे जेमतेम टेकतील अशी एक कपार आहे. तिथे आमच्या ज्येष्ठांनी दोर अडकवण्यासाठी कातळात हाताने भोक पाडून बसवलेले दोन बोल्ट अजून शाबूत आहेत. त्यातल्या एकासाठी पाऊण तास हातोडा चालवावा लागला होता, ही गोष्ट गटात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला ऐकावीच लागते.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा जण पहाटे पाचला निघून साडेसहाच्या सुमारास पायथ्याच्या पाड्यावर पोहोचलो, तेव्हा पायवाट जंगलात शिरते त्या वळणावर लोखंडी खांबाला ठोकलेला पत्र्याचा फलक दिसला. "प्रवेश निषिद्ध. उल्लंघन करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल. आदेशावरून." मजकूर एवढाच, आदेश क्रमांक, तारीख, कलम, सही यांपैकी काहीही नाही. मार्चनंतर आम्ही तिकडे फिरकलो नसल्यामुळे तो कधी लागला हे ठाऊक नव्हते, पण खालच्या कोपऱ्याला गंज धरला होता, तेव्हा तो आठ-पंधरा दिवसांपूर्वीचा नव्हता हे नक्की. वनरक्षक तिथेच होते. त्यांचे बोलणे सभ्य होते. त्यांनी आमची नावे वहीत लिहून घेतली, दोरांचे फोटो काढले आणि "कागद ऑफिसात आहे, मला फक्त कोणाला सोडायचे नाही एवढेच सांगितलेले आहे," असे म्हणून आम्हाला परत पाठवले. ऑफिसात दोन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला 'वरून आदेश आहे' हे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला लेखी अर्ज देऊन आवक शिक्का घेतला, त्याला आज पाच आठवडे झाले.

मनाई आहे याचे तितके वाईट वाटत नाही, जितके त्यातल्या विसंगतीचे वाटते. त्याच रांगेत हरिहर किल्ल्याच्या खड्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे एकमेकांना खेटून, खोबणीला एकेक हात धरून उभे असतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तिथे कोणाकडे दोर नसतो, शिरस्त्राण नसते, आणि बऱ्याच जणांच्या पायात चपला असतात. आम्ही सहा माणसे, सगळी साधने घेऊन, कोणाच्याही वाटेत न येणाऱ्या कड्यावर जातो, तर आम्हालाच का अडवावे?

तेव्हा माझे प्रश्न असे की, सरकारी मालकीच्या डोंगरावर कारण न सांगता अशी बंदी घालता येते का. पंचवीस वर्षे सतत वापर असल्यामुळे आमचा त्या मार्गावर काही हक्क निर्माण होतो का. आणि आता पुढचे पाऊल कोणते टाकावे? गटातील तरुण मंडळींचे म्हणणे असे आहे की रात्री निघून उजाडण्याआधी पहिला टप्पा चढून गेलो तर अडवणार कोण. ते मला पटत नाही, पण त्यांना थोपवायला माझ्याकडे युक्तिवादही उरलेला नाही.

वकिली_चष्मा :

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सरळ आणि कडू आहे. ती जमीन राखीव वन असेल, आणि त्या रांगेत तशी असण्याची शक्यता दाट आहे, तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २३ नुसार वारसाने, किंवा शासनाने वा आधीच्या हक्कदाराने दिलेल्या अनुदानाने वा कराराने मिळालेल्या हक्काखेरीज राखीव वनात कोणताही नवा हक्क निर्माण होत नाही. पंचवीस काय, पन्नास वर्षे चढलात तरी वहिवाटीचा दावा तिथे टिकणार नाही. ज्येष्ठांचे बोल्ट हा आपल्या गटाच्या इतिहासाचा पुरावा आहे, हक्काचा नव्हे. उलट परवानगीशिवाय कातळात लोखंड ठोकल्याची कबुली म्हणून कोणी तो वाचू शकेल, तेव्हा अर्जात त्या कथेचा उल्लेख टाळलेला बरा.

आता पहिला प्रश्न. 'सरकारी जमीन म्हणजे सर्वांची जमीन' अशी आपल्याकडे एक समजूत आहे, आणि गायरानाच्या किंवा गावठाणाच्या बाबतीत ती व्यवहारात चालूनही जाते. वनजमिनीचे तसे नसते. राखीव वनात जे करू दिलेले नाही ते सर्व निषिद्ध, आणि संरक्षित वनात जे निषिद्ध केलेले नाही ते सर्व चालते, असा या कायद्याचा ढोबळ अर्थ वनखात्यातील माणसे स्वतःच सांगतात. राखीव वनात अनधिकृत प्रवेश हा कलम २६ खाली गुन्हा आहे. म्हणजे आजवर आपण चढत होतात ते हक्काने नव्हे, तर कोणी हरकत घेतली नाही म्हणून.

मात्र याच कायद्यात कलम २५ आहे आणि ते सहसा कोणी वाचत नाही. राखीव वनातली सार्वजनिक किंवा खाजगी वाट बंद करायची असेल, तर वनाधिकाऱ्याला राज्य शासनाची किंवा शासनाने त्यासाठी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, आणि त्या वाटेला सोयीचा पर्याय आधीपासून असावा लागतो किंवा करून द्यावा लागतो. साडेतीनशे फुटांचा उभा कडा ही 'वाट' आहे असे कोणत्याही न्यायालयाला पटवण्याचे धाडस मी करणार नाही. पण फलक कड्यावर नाही, पायवाटेवर लागलेला आहे. ती पायवाट पाड्यावरच्या माणसांची रोजची असेल, तर ती कोणाच्या मंजुरीने बंद झाली हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि तो पाड्याने विचारला तर अधिक वजनाने विचारला जाईल.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या जमिनीचा दर्जा आधी पक्का करून घ्या. अभयारण्य असेल, जसे हरिश्चंद्रगड आणि रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २७ नुसार परवान्याशिवाय प्रवेशच नाही. कलम २८ मध्ये परवाना कोणत्या कारणांसाठी देता येतो ते दिलेले असून त्यात पर्यटनाचा समावेश आहे. संवर्धन राखीव क्षेत्राची गोष्ट वेगळी. अंजनेरी तसे क्षेत्र आहे, आणि रामशेजजवळचे बोरगड तर २००८ साली जाहीर झालेले राज्यातले पहिले. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३६-क मध्ये अभयारण्याच्या ज्या तरतुदी संवर्धन राखीवला लागू केल्या आहेत, त्यात कलम २७ ची उपकलमे २, ३ आणि ४ आहेत, पण प्रवेशबंदीचे उपकलम १ मात्र वगळलेले आहे. म्हणजे 'हे संवर्धन राखीव आहे, म्हणून आत येऊ नका' एवढेच कोणी सांगत असेल, तर ते सांगणे अपुरे आहे. अर्थात जमीन मुळात राखीव वन असल्यास कलम २६ पाठ सोडत नाही; तरीही कारण कोणते सांगितले जाते आहे यावर आपले उत्तर अवलंबून राहील.

म्हणून पुढचे पाऊल म्हणजे माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा आणि फक्त कागद मागा : फलक ज्या आदेशावरून लावला त्याची प्रमाणित प्रत, त्यावरील टिपणी, कक्ष क्रमांक आणि नकाशा. 'बंदी का घातली' असा प्रश्न विचारू नका. 'का' हा शब्द दिसला की अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील. आणि तोवर तरुण मंडळींना रात्री जाऊ देऊ नका. एका गुन्ह्याची नोंद झाली की मग चर्चा मार्गाची राहत नाही, आरोपीची होते.

पाड्यावरचा :

मी याच भागातला आहे. दादांनी नाव लिहिले नाही तरी वळण आणि खांब वाचून जागा ओळखली. आमच्याबद्दल दोन ओळी आल्या आहेत म्हणून लिहितो.

फलक गेल्या पावसाळ्यात, आषाढ संपता संपता लागला. त्याआधीच्या आठवड्यात मुंबईकडची अकरा माणसे धबधबा पाहायला ओढ्यापलीकडे गेली, पाणी वाढले आणि ती तिकडेच अडकली. रात्री साडेनऊला आम्ही सात जणांनी गुरांचे दोर एकमेकांना बांधून त्यांना अलीकडे आणले. त्यातल्या एका बाईंच्या पायात घरात घालायची चप्पल होती, ती वाहून गेली, आणि माझ्या चुलत्याने स्वतःची दिली. चौथ्या दिवशी खांब आला, पाचव्या दिवशी पत्रा ठोकला. आम्हाला कोणी विचारले नाही. आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठीचा कायदा) ग्रामसभेला अधिकार आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दाव्याची फाईलही आम्ही दाखल केलेली आहे. पण त्या वाटेवर पत्रा ठोकायचा हे ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर कधी आले नाही. माझी आई त्याच वाटेने शेळ्या नेते. तिला कोणी अडवत नाही, पण फलकाशी आली की ती आजूबाजूला बघून घेते, आणि हे मला आवडत नाही.

तुमच्या गटाबद्दलही सांगतो, राग मानू नका. तुम्ही लोक चांगले आहात, आरडाओरडा करत नाही, प्लास्टिक टाकत नाही. पण पंचवीस वर्षांत तुमच्यापैकी कोणी पाड्यावर जेवण सांगितले आहे का? डबे नाशिकहून आणता, गाडी शाळेच्या पटांगणात लावता, संध्याकाळी निघून जाता. हरिहरला माणसे जास्त येतात हे खरे, पण तिथे पायथ्याच्या गावांत घरोघरी चहा, पिठले, नागलीची भाकरी विकली जाते. गर्दीने डोंगराचे काय होते ते होवो, चार घरांच्या चुली त्यावर पेटतात. तुमच्या सहा माणसांना अडवल्याने पाड्यावर कोणाचे काहीच बिघडत नाही, म्हणून तुमच्या बाजूने बोलायलाही कोणी उठले नाही.

वकिली_चष्मा :

वरील माहितीमुळे बराच उलगडा होतो. हा बहुधा धबधबे आणि किल्ल्यांसाठी दर पावसाळ्यात निघणारा मनाई आदेश असावा. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ लागू आहे. दोन्हीकडे मुदत सारखीच : आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि राज्य शासनाने खास वाढवला तरी पुढे सहा महिन्यांच्या वर नाही. आषाढातला आदेश मार्गशीर्षात जिवंत कसा राहिला, हे कागद हाती आल्यावर कळेल. आपल्याकडे आदेशाची मुदत संपते, पत्र्याची संपत नाही.

दुर्बीणधारी :

मी गेली नऊ वर्षे नाशिक परिसरातील कड्यांवरची गिधाडे पाहतो आणि नोंदी ठेवतो. कडा कोणता हे मलाही वर्णनावरून कळले आहे, आणि म्हणूनच या चर्चेत नुसत्या कागदावर भर दिला जातो आहे याची काळजी वाटते. समजा, कागद आपल्या बाजूने निघाला. मग काय?

त्या कड्याच्या पश्चिमेकडील तोंडावर मागील दोन हंगामांत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी होती. समोरच्या सोंडेवरून दुर्बिणीने पाहिले की कपारींखाली चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसतात. ओघळ ताजा असेल तर तो भिजल्यासारखा चमकतो आणि जुना असेल तर राखाडी पडलेला असतो. हा पक्षी वर्षाला एकच अंडे घालतो. नोव्हेंबरपासून घरटी लागायला सुरुवात होते, नर आणि मादी आळीपाळीने अंडे उबवतात, आणि पिल्लू कड्यावरून झेप घेईपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन ही जात देशभरातून जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर शंभरातली पाच गिधाडेही धड उरली नव्हती. त्र्यंबक-अंजनेरीच्या कड्यांवर जी टिकली, ती माणसाचा हात पोहोचत नाही अशा जागी राहिली म्हणून टिकली.

तुलना हरिहरच्या गर्दीशी केली आहे, म्हणून सांगतो. पायऱ्यांवरून किंवा माथ्यावरून जाणारी शंभर माणसे घरट्यावरच्या पक्ष्याला दिसत नाहीत, किंवा दिसली तरी ती नेहमीच्या जागी, नेहमीच्या वाटेने जातात. आरोहक मात्र खालून हळूहळू, हातोहात, थेट घरट्याच्या रेषेत वर येतो आणि तासन्‌तास तिथेच राहतो. पक्षी उठतो. अंडे उघड्यावर राहते, ऊन लागते, कावळे टपलेलेच असतात. आपण सहा जण आहात की साठ, याने त्या अंड्याला काही फरक पडत नाही.

आणि कायद्याचाच मुद्दा असेल तर तोही पाहावा. वन्यजीव अधिनियमाच्या कलम २ मध्ये 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे हेही मोडते. गिधाड पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची शिक्षा आहे. जमीन राखीव वन असो, संवर्धन राखीव असो वा कोणाच्या सातबाऱ्यावरची असो, हे कलम सगळीकडे लागू आहे.

जुना_दोर :

दुर्बीणधारी यांचे म्हणणे मला जवळजवळ सगळे मान्य आहे. खटकते एवढेच की 'माणसाचा हात पोहोचत नाही अशा जागी' या शब्दांत आरोहक हा आपोआप घुसखोर ठरतो. आम्ही ज्या काळात सुरुवात केली, तेव्हा या कड्यांवर काय आहे हे पाहायला आमच्याखेरीज कोणी जात नव्हते. घरटी कोणत्या कपारीत आहेत हे पक्षिमित्रांना पहिल्यांदा सांगणारे बऱ्याचदा दोरावरचेच लोक होते.

१९८६ साली डग स्कॉट यांनी हरिहरचा उभा कडा सर केला, सुमारे १७० मीटरचा, दोन दिवसांत. १९७५ साली एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून शिखरावर पोहोचलेला माणूस आपल्या त्र्यंबक तालुक्यातल्या कातळावर दोर लावतो, या गोष्टीने तेव्हाच्या आम्हा पोरांना वेड लावले होते. तो कडा पुढे 'स्कॉटिश कडा' झाला, जरी स्कॉट हे स्कॉटलंडचे नव्हे तर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे. पण आपल्याकडे एकदा नाव पडले की पडले. त्या काळी परवानगी कोणाकडे मागायची हेच कोणाला ठाऊक नव्हते. आज तसे करता येणार नाही, आणि येऊ नये.

पण बंदी आणि बंदीत फरक आहे. सप्तशृंगीचे शिखर घ्या. कातळ म्हणून पाहिले तर कोणत्याही आरोहकाची बोटे शिवशिवतील असे ते शिखर, पण चैत्रोत्सवात आणि नवरात्रात मध्यरात्री कीर्तिध्वज घेऊन दरेगावचा मानकरी एकटा वर जातो, आणि त्याच्याखेरीज कोणी चढत नाही. तिथे पत्रा नाही, कलम नाही, तरी आमच्या चार दशकांत आमच्यापैकी एकानेही त्या शिखराला दोर लावायची भाषा केली नाही. कांचनजंगेवर १९५५ साली पहिल्यांदा पोहोचलेले आरोहक सिक्कीमच्या लोकांना दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही पावले खालीच थांबले. कारण समजले आणि पटले की माणूस थांबतो.

अमेरिकेत योसेमिटीच्या कड्यांवर बहिरी ससाण्याच्या घरट्यांसाठी ठरावीक मार्ग दरवर्षी १ मार्च ते १५ जुलै बंद ठेवतात. कोणत्या कड्याचा कोणता भाग, हे नकाशासह जाहीर होते, आणि त्या वर्षी तिथे घरटे नाही असे दिसले तर मुदतीआधीच मार्ग खुला करतात. वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरवर तर तिथल्या मूळ रहिवाशांच्या धार्मिक भावनेसाठी १९९५ पासून जून महिन्यात न चढण्याचे फक्त आवाहन केले जाते. सक्ती नाही, अटक नाही. काही आरोहक तरीही चढतात आणि त्यावरून वादही होतात, पण काय पाळायचे आणि कशासाठी, याबद्दल कोणाच्या मनात संदेह नसतो. तुमच्या फलकावर तारीख, कारण आणि मुदत लिहिली असती तर हा धागा निघाला असता का? आणि आपण आरोहकांनी नोव्हेंबर ते मे हा कडा सोडला असे स्वतःहून लिहून दिले असते, तर फलकाची गरज पडली असती का? दोन्ही प्रश्न मला सारखेच बोचतात.

जाता जाता, पाड्यावरच्या आमच्या मित्राने जेवणाबद्दल जे लिहिले ते वाचून खरोखर शरम वाटली. आम्हीही डबेच नेत होतो.

रानभूल :

रात्री चढण्याच्या बेतात असलेल्या तरुणांना एवढेच सांगतो की तुम्ही लपून गेलात आणि वर काही झाले, तर कोणी कुठे शोधायचे हे कोणालाच माहीत नसेल. बचावाचा पहिला फोन त्याच वनरक्षकांना आणि त्याच पाड्यावर करावा लागेल. गुरांचे दोर साडेतीनशे फूट पुरत नाहीत.

कातळवाट :

सर्वांचे आभार. उत्तराला दोन महिने लागले, कारण कागद हाती येईपर्यंत लिहायचे नाही असे ठरवले होते.

माहितीच्या अधिकारातील अर्जाला सव्विसाव्या दिवशी उत्तर आले. वकिलीचष्मा यांचा तर्क तंतोतंत खरा निघाला : फलकामागचा एकमेव कागद म्हणजे पावसाळ्यातला मनाई आदेश, त्यात एकूण चौदा ठिकाणांची यादी, आमच्या कड्याचे नावही नाही, फक्त 'पाड्यालगतचा धबधबा व परिसर'. मुदत दोन महिन्यांची, ती सप्टेंबरातच संपलेली. मुदतवाढीचा आदेश अभिलेखात नाही. कलम २५ खालची कोणतीही मंजुरी अभिलेखात नाही. जमीन मात्र राखीव वन आहे, त्यामुळे रीतसर परवानगीशिवाय जाऊ नये एवढे स्पष्ट आहे. ग्रामसभेने या महिन्यात वाटेबद्दल ठराव केला आणि त्याची प्रत आमच्या अर्जाला जोडली. त्यानंतर आठ दिवसांत पत्रा निघाला. खांब अजून आहे, शेळ्या त्याला अंग घासतात.

खरे सांगायचे तर पत्रा निघाला त्या संध्याकाळी आम्ही दोर मोजायला घेतले होते. पण मध्यंतरीच्या एका रविवारी दुर्बीणधारी मला आणि आमच्यातल्या दोन तरुणांना समोरच्या सोंडेवर घेऊन गेले होते, आणि तिथे जे पाहिले ते इथे लिहिणे भाग आहे. त्यांनी तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण कड्यावर रोखून मला डोळा लावायला सांगितला. आधी नुसता काळा कातळ, मग पांढरा ओघळ, मग ओघळाच्या वर काटक्यांचा ढीग आणि त्यात मान आत ओढून बसलेला पक्षी. दुर्बीण थोडी डावीकडे सरकवली तर पक्ष्यापासून हातभर अंतरावर तांबूस असे काहीतरी दिसले. तो आमचा बोल्ट होता. आमच्या दुसऱ्या टप्प्याच्या कपारीत, आम्ही जिथे बसून पाणी पितो तिथेच, घरटे आहे. गेल्या मार्चमध्ये आम्ही तो मार्ग चढलो तेव्हा कपारीत काटक्या पडलेल्या होत्या आणि मी स्वतः त्या पायाने खाली लोटल्या होत्या. त्या वेळी अंडे नव्हते एवढे निश्चित आठवते. आधी होते का, हे मला सांगता येणार नाही.

रात्री जाण्याचा बेत त्या दिवसापासून कोणी काढलेला नाही.

आता आमच्यापुढचा हिशेब असा आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, नोव्हेंबर ते मे घरटे. उरतो ऑक्टोबर, आणि ऑक्टोबरात त्या कड्याच्या उजव्या अंगाला आग्या मोहोळाची पोळी लोंबत असतात. तरीही परवानगीचा अर्ज ऑक्टोबरपुरताच करणार आहोत, ग्रामसभेच्या ठरावासह, सहा जणांसाठी, जेवण पाड्यावर. त्या अर्जात एका मुद्द्यावर अडलो आहे आणि त्यासाठी पुन्हा आपला सल्ला हवा. जुने दोन बोल्ट आता भरवशाचे नाहीत आणि घरट्याच्या कपारीत दोर बांधून थांबायचे स्थानक ठेवण्यात अर्थही नाही. वीस-पंचवीस फूट डावीकडे एक बारीक भेग आहे, तिथे बोल्ट न ठोकता, काढून परत नेता येतील अशा साधनांवर थांबता येईल असे जुना_दोर यांचे मत आहे. पण कपारीतले जुने लोखंड काढायचे की तसेच ठेवायचे? काढायचे तर त्यासाठी एकदा तरी तिथे पोहोचावे लागेल, कातळावर पुन्हा घाव घालावे लागतील, आणि त्याचीही परवानगी मागावी लागेल. दुर्बीणधारी म्हणतात, पक्ष्याला त्या बोल्टचे काही वाटत नाही, तो दोन हंगाम त्याच्या शेजारी बसलेला आहे.